दामलेकाकांची पंगत

दामलेकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव, गाव, व्हिसा यातलं काहीही विचारलं नाही. वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "तू न बोलता किती वेळ बसू शकतेस?" मी म्हटलं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसते की तास तास. "मग तू चालशील," असं म्हणून त्यांनी माझ्या पानात मसालेभाताची आणखी एक मूद घातली. मी नको म्हटलेलं त्यांनी ऐकलंच नाही.

हे वॉटफर्डमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये घडलं. इंग्लंडात आपल्या लोकांचं सामुदायिक जेवण म्हणजे रांग, कागदी प्लेट आणि भिंतीला टेकून एका हाताने पुरी तोडायची कसरत. काकांना ते मंजूर नव्हतं. उभ्याने जेवणारा माणूस जेवत नाही, नुसतं पोट भरतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते शाळेचे बुटके बाक ओळीने मांडायचे, पन्नास-साठ माणसांच्या पंगती लावायचे, पँटवर एप्रन बांधून स्वतः वाढायचे, आणि आग्रह असा करायचे की नको म्हणणाऱ्याला आपल्याच हातून काही गुन्हा घडतोय असं वाटावं. सगळे जेवून गप्पा मारत उभे राहिले की मग शेवटच्या पंगतीला काका आणि सुनंदाकाकू बसायचे. तोवर पुऱ्या वातड झालेल्या असायच्या. मी एकदा काकूंना म्हटलं, तुम्ही तरी आधी बसून घ्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी घरचीच."

आता दोघंही नाहीत. काकू आधी गेल्या, काका गेल्या हिवाळ्यात. मी तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होते, त्यामुळे काकांचं शेवटचं दर्शनही मला झालं नाही. झालं असतं तरी मला आठवले असते ते वेगळेच काका, बर्फात पाठ वाकवून उभे असलेले.

काका भूलतज्ज्ञ होते. तीस-बत्तीस वर्षं इथल्या इस्पितळांत त्यांनी माणसांना झोपवलं आणि ती जागी होईपर्यंत स्वतः शेजारी बसून राहिले. निवृत्त झाल्यावरही त्यांनी हेच सुरू ठेवलं, फक्त जागा बदलली. दर फेब्रुवारीत ते इंग्लंडातली दहा-बारा मराठी माणसं गोळा करायचे आणि लडाखला हिमबिबट्या बघायला घेऊन जायचे. कंपनी नाही, वेबसाइट नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याचं नाव 'शांतता राखा', आणि त्यावर सर्वांत जास्त बडबड काकांचीच असायची. किती मोजे, कुठल्या जाडीचे, कुठल्या क्रमाने घालायचे, यावर त्यांनी एकदा सलग सात मेसेज पाठवले होते.

मुळात हे सगळं काकूंमुळे सुरू झालं. काकू कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होत्या. तिथे परत आलेली पुस्तकं लावताना एका पुस्तकातला हिमबिबट्याचा फोटो त्यांनी पाहिला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. दगडावर दगडाच्याच रंगाचं जनावर, आणि अंगापेक्षा मोठं वाटावं असं शेपूट. घरी येऊन त्या काकांना म्हणाल्या, एकदा खरा बघायचाय हो. बाईंनी आयुष्यात दागिना मागितला नाही, मोठं घर मागितलं नाही. काकांनी निवृत्तीची वाट पाहिली आणि पहिल्या फेब्रुवारीला त्यांना घेऊन जायचं ठरवलं. बरोबर दोनचार मित्रांना विचारलं, त्या मित्रांनी आणखी कुणाला विचारलं, आणि लेहच्या विमानात बसेपर्यंत काका नवरा उरले नव्हते, सगळ्यांचे यजमान झाले होते. तिथेच घोटाळा झाला. पुढच्या सहा वर्षांत काकांनी सत्तरेक माणसांना हिमबिबट्या दाखवला. काकूंना दाखवायचा राहिला.

कसा राहिला ते सांगायला काकांची पद्धत सांगायला हवी. नव्या माणसाला ते थेट लडाखला नेत नसत. आधी जानेवारीत नॉर्थ वेल्समध्ये परीक्षा. तिथल्या डोंगरात रानटी बकऱ्या आहेत. पाऊस, वारा, ओले बूट आणि समोरच्या उतारावर राखाडी दगड. त्यातला कुठला दगड हलतो ते शोधायचं. चाळीस मिनिटं बोलायचं नाही. बकरी सापडली की काका ट्रायपॉडवर स्कोप लावायचे, म्हणजे त्यांची ती मोठी दुर्बीण, आणि हळू आवाजात पुकारायचे, "पहिली पंगत." नवखे आणि म्हातारे आधी. मग बाकीचे. शेवटच्या पंगतीला काका-काकू. एका बकरीसाठी एवढा मानपान मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आणि आग्रह होताच. कुणी पटकन बघून बाजूला झालं की काका त्याला परत पाठवायचे. "एवढ्यात उठलीस? पोटभर बघ." स्टॅनमोरची मीरा, डेंटिस्ट, इथेच जन्मलेली. तिला पहिल्या वर्षी हा प्रकार समजेना. ती मला म्हणाली, "मी त्याला दोनदा सांगितली की मला दिसला, I'm fine, तरी काका मला परत पाठवतो." मी तिला म्हटलं, जिलबी समज आणि आणखी एक घे, सुटका नाही.

लडाखमध्ये आम्ही एका छोट्या गावात, स्टॅन्झिन नावाच्या वाटाड्याच्या घरी उतरायचो. सकाळ-संध्याकाळ काका प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. आकडा कमी आला तर त्या दिवशी चुलीजवळ बसून राहायचं, वाद नाही. एका कार्डिऑलॉजिस्टने वाद घातला, तर काका त्याला शांतपणे म्हणाले, "तुझं हृदय तू बघ, तुझा श्वास माझ्याकडे." तो कार्डिऑलॉजिस्ट दिवसभर स्टॅन्झिनच्या आईबरोबर जर्दाळूच्या बिया फोडत बसला.

बिबट्या दिसायचा तो असा नव्हे की समोर येऊन उभा राहिला. समोरच्या डोंगरावर, एक-दीड किलोमीटर लांब, कड्याखाली एक ठिपका. तो ठिपका पाच मिनिटं असेल किंवा पाच तास. बहुतेकदा पाच मिनिटंच. पहिली पंगत, दुसरी पंगत, मध्ये आग्रह, आणि यजमानांची पाळी येईतो पान उचललेलं असायचं. एका वर्षी ढग आला. एका वर्षी तो खडकामागे झोपला तो उठलाच नाही. काकू स्कोपमधून रिकामा डोंगर बघायच्या आणि म्हणायच्या, पुढच्या वर्षी. स्टॅन्झिन चिडायचा. तो काकांना हिंदीत म्हणायचा की आमा-लेंना आधी बघू द्या, तिसऱ्यांदा आल्यात. आमा-ले म्हणजे त्यांच्याकडे आई. काका हसून म्हणायचे, पाहुणे उठू देत. मलाही तेव्हा ते गोड वाटायचं. आज त्या गोडव्याची मला चीड येते.

काकूंची शेवटची ट्रिप मी विसरू शकत नाही, कारण त्यात माझा हात आहे. त्या वर्षी त्या बारीक दिसत होत्या. डाएट, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. खरं त्या दोघांनाच माहीत होतं. गाठ पसरली होती, उपचार थांबवले होते, आणि काकूंच्या डॉक्टरांनी शेवटी जा म्हटलं होतं. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही दहाच्या दहा जणांनी त्यांना हाताला धरून पुढे केलं असतं. नेमकं म्हणूनच सांगितलं नाही. पाहुण्यांना संकोच नको, आणि काकूंनाही कुणी कीव म्हणून पुढे केलेलं नको होतं.

चौथ्या दिवशी दुपारी स्टॅन्झिनला तो दिसला. कड्याखाली, उन्हात, पंजे पुढे घेऊन बसलेला. काकांनी ट्रायपॉड रोवला, स्टॅन्झिनने स्कोप त्याच्यावर रोखला. पहिली पंगत झाली. दुसऱ्या पंगतीत मी होते. मी पाहिला आणि लगेच बाजूला झाले. काकूंनी हातमोजा काढला होता, चष्मा काढून मुठीत धरला होता. तेवढ्यात काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुग्धा, तू नीट बघितलाच नाहीस. जा, पोटभर बघ."

मी म्हटलं, काकू बघू देत. काकू म्हणाल्या, "जा गं, हे म्हणतायत ना. मी आहे."

मी गेले. कशासाठी गेले हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मी दिवसातून दहा वेळा लोकांना नाही म्हणते, माझी ती ख्याती आहे. पण वाढणाऱ्याला नाही म्हणायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. मी डोळा लावला आणि तो उठला. आधी पुढचे पाय लांब केले, मग पाठ ताणली, मग ते जाडजूड शेपूट बर्फावरून ओढत सावकाश चालत गेला. तीन खडक ओलांडले. चौथ्यामागे गेला. मी बाजूला झाले तेव्हा काकू वाकल्या, डोळा लावला, बराच वेळ बघितलं.

"दगड छान आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही ऊन जाईपर्यंत थांबलो. पुढचे दोन दिवस पहाटेपासून त्याच कड्यासमोर बसलो. तो आला नाही.

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. काकू हॉस्पिसमध्ये होत्या. तेव्हा मला सगळं कळलं. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "तू येशील का? तिला तो कसा होता ते ऐकायचंय." मग ते म्हणाले, "मला सांगता येत नाही गं. मी तरी कुठे बघितलाय."

सहा ट्रिपा. सत्तर माणसं. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं की काकूंच्या शेजारी शेवटच्या पंगतीला हा माणूसही प्रत्येक वेळी रिकामा डोंगर बघत होता.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढून गेले. खोलीला मोठी खिडकी होती, बाहेर डॅफोडिल्स. काकू उशीएवढ्या झाल्या होत्या. मी काय सांगणार, मी काही सांगणारी बाई नाही, माझं आयुष्य स्प्रेडशीटमध्ये जातं. तरी सांगायला लागले. रंग सांगितला, राखाडी म्हणावा तर राखाडी नाही, ताकात किंचित हळद पडल्यासारखा. पंजे सांगितले. कान छोटे, गोल. काकू मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. आपल्याकडे बघितलं का त्याने? मी म्हटलं, हो, एकदा. ते खरं होतं. मी बसलेल्या बिबट्यावर थांबले.

"आणि उठला कसा?" काकूंनी विचारलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं, मी काय बघितलं ते. मी मान खाली घालून सांगितलं. पाय, पाठ, शेपूट, तीन खडक, चौथा खडक. सांगताना मी रडत होते आणि काकू डोळे मिटून ऐकत होत्या. काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. काकू त्यांना म्हणाल्या, "अहो, इकडे या, ऐका. तुमचंही राहिलंय." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं तू दुसऱ्यांदा गेलीस. नाहीतर मला हे कुणी सांगितलं असतं?"

त्यांनी मला माफ केलं असं लोक म्हणतील. मला माफी नको होती. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नऊ दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा वॉटफर्डला काकांकडे जाऊ लागले. ते मला बसवायचे, वाढायचे, आणि मी जेवून उठल्यावर ओट्यापाशी उभं राहून दोन घास खायचे. बोलायचे सगळ्या विषयांवर. काकूंच्या कपाटातले कपडे कुठे द्यायचे, बागेत यंदा काय लावायचं. त्या दुपारबद्दल ते एकदाच बोलले. थर्मास विसळत होते, नळ चालू होता.

"मला तेव्हा कळत होतं," ते म्हणाले. "तुझं बघून झालं, ती शेजारी उभी होती, मला कळत होतं की आता तिला पुढे करावं. पण मला लाज वाटली, मुग्धा. इतक्या लोकांच्या आधी स्वतःच्या बायकोला कसं वाढायचं? म्हणून तुला पाठवलं."

मी नळ बंद केला. आपल्याकडे वाढणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. घरच्यांच्या पानात काय उरलं ते विचारायची रीत नाही.

पुढच्या फेब्रुवारीची ट्रिप काका रद्द करणार होते. पण नऊ माणसं ठरली होती, त्यात दोन जण पहिल्यांदाच येणार होते, आणि पाहुण्यांना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. मी गेले. मीराही आली. वेल्सच्या बकऱ्या झाल्या, लेहला दोन दिवस विश्रांती झाली, सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर झाला. काका नेहमीसारखे होते, फक्त व्हॉट्सॲपवर मोज्यांचा एकच मेसेज आला होता. स्टॅन्झिनच्या आईने त्यांना बघितलं, दारातच दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी, नऊ-साडेनऊला, स्टॅन्झिन खाली चहा आणायला गेला होता. काका स्कोप हळूहळू फिरवत समोरचा उतार बघत होते. आम्ही मागे दगडांवर गप्प बसलो होतो. स्कोप थांबला. काकांची पाठ ताठ झाली. आजवर बिबट्या नेहमी वाटाड्याला दिसायचा, काका फक्त वाढायचे. या वेळी तो पहिल्यांदा त्यांना दिसला होता.

आम्ही उठून उभे राहिलो आणि सवयीने आपापल्या पंगतीत झालो. काकांनी स्कोपवरून डोळा काढला नाही. उजवा हात मागे केला, बोटांनी बोलावल्यासारखं केलं, आणि घाईच्या, आनंदाच्या आवाजात म्हणाले,

"सुनंदा, तू ये आधी."

कुणी हललं नाही. हात तसाच मागे होता, हातमोजा नसलेला. मग तो हळूहळू खाली आला. काका सरळ झाले, आमच्याकडे वळले, एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. त्यांनी पहिल्या पंगतीला बोलवायला तोंड उघडलं आणि त्यांना ते शब्द सापडले नाहीत. पहिल्यांदाच आलेले ते दोघं भांबावून माझ्याकडे बघायला लागले. मी मानेनेच त्यांना थांबा म्हटलं. मीरा पुढे झाली, तिने काकांच्या कोपराला धरून त्यांना परत स्कोपकडे वळवलं.

"काका, तुम्ही बघा," ती म्हणाली. "आम्हाला नको आहे. खरंच."

ते वाकले. डोळा लावला. स्टॅन्झिन चहाची किटली घेऊन वर आला आणि आम्हाला असं उभं बघून जागीच थांबला. बिबट्या तिथे किती वेळ होता ते आम्हाला माहीत नाही. तिथून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. काका मात्र स्कोपवर वाकून तसेच उभे राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, त्याहून जास्त. त्यांचे खांदे हलत होते. त्या थंडीत काचेवर नुसता श्वास पडला तरी ती धुरकटते, मग डोळ्यांतल्या पाण्याचं काय. त्यांना काहीही दिसत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तरी आम्ही नऊ जण आणि स्टॅन्झिन, कुणीही जागचं हललं नाही.